सर, त्या निळ्या खुर्चीबद्दल थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

सर, नमस्कार. नातवाकडून वाचून घ्या, चष्मा शोधत बसू नका.

किडनी बसली तेव्हापासून मी सगळ्यांचे आभार मानत फिरलो. मायचे मानले (ती म्हणली, येड्या, आभार काय मानायलास), डॉक्टरांचे मानले, पैशाला मदत केली त्या पाहुण्यांचे मानले, अगदी डायलिसिसच्या सिस्टरला पेढे देऊन आलो. तुमचंच राहिलं. तुम्ही समोरच राहायचात ना, रोज दिसणाऱ्या माणसाला कोण थँक्यू म्हणतंय. आता तुम्ही पुण्याला मुलाकडं गेलात अन् समोरच्या दाराला कुलूप दिसतंय, म्हणून लिहायलोय.

२०२२ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. त्याच्या आधी १४ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यात माझ्या मांड्या पार वाळून गेल्या होत्या, पण तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं कारण सगळ्यांचा डोळा क्रिएटिनिनवर (रक्तातला आकडा, किडनी नीट चालली की तो कमी राहतो). ते १.२ वर आलं अन् घरात दिवाळी. मग मला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला सुरुवात झाली. बायको पाण्याचा तांब्या उचलू देईना, पोरगं जवळ आलं की त्याला ओरडा. पहिले दोन महिने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ते बरोबरच, टाके होते, पण आमच्या घरानं ते दोन महिने पाच महिने ताणले. अन् गंमत बघा, जिनं किडनी दिली ती माझी माय ६१ वर्षांची, दीड महिन्यात अंगण झाडायला लागली होती अन् मी बाजेवर पडून तिला बघायचो!

त्यात स्टेरॉइडची भूक. ती भूक ज्याला लागली त्यालाच कळते. दुपारी जेवून उठलो की चारला परत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. ५६ किलोचा मी ७१ वर गेलो, तोंड पुरीसारखं फुगलं अन् लोक म्हणायचे वा, तब्येत सुधारली की! सुधारली कसली, शुगर सुरू झाली. अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची ती टॅक्रोलिमसची गोळी, तिनं पण शुगर वाढते अन् हात थरथरतो, बशीतला चहा लुंगीवर सांडायचा. गच्चीचा जिना १४ पायऱ्यांचा, सातव्या पायरीला मी कठडा धरून उभा.

त्या दिवशी तुम्ही पेपर मागायला आलात. मी प्लास्टिकच्या निळ्या खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकवले अन् 'आई गं' म्हणलं. तुम्ही पेपर खाली ठेवला. म्हणलात, "हात छातीवर घे अन् ऊठ." नाही उठता आलं. दुसऱ्यांदा झोका घेऊन उठलो. मग तुम्ही खिशातून मोबाईल काढून ३० सेकंद लावले अन् मोजलं, सात वेळा. सातव्याला मी खुर्चीत पडलोच. "साठीच्या गड्यानं १४-१५ तर मारायलाच पाहिजेत, तू चाळिशीचा. किडनी नवी बसवली रे, पाय कोण बसवणार?" माय दारातून बघत होती, तिला तुमचा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

पण खरं थँक्यू पुढच्या गोष्टीचं आहे. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवसापासून दंडबैठका काढायला लावल्या असत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं पोरं पळवलेला माणूस तुम्ही. तुम्ही म्हणलात आधी डॉक्टरला विचारू. माझ्यासंगं पहाटेच्या रेल्वेनं संभाजीनगरला आलात, फाईल मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी तुम्हाला (मला नाही, तुम्हालाच!) नीट समजावलं की किडनी चांगली चालू असतानाही अशा पेशंटला मोठा धोका हृदयाचा असतो, बीपी, शुगर, वजन सगळं तिथंच जाऊन भिडतं. चालू द्या, ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवा, फिस्टुलाचा हात (डायलिसिससाठी शिरा जोडलेला) जपा. तुम्ही विचारलं, व्यायामानं किडनी जास्त वर्षं टिकंल का? ते म्हणले तसं छातीठोक नाही सांगता येणार, पण दम अन् स्नायूंची ताकद वाढते हे नक्की. मला ते खरं बोलणं लई आवडलं.

मग कृषी विद्यापीठाचा रस्ता. सूर्य वर यायच्या आत परत यायचं, कारण या गोळ्यांवर उन्हानं कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या लाईटच्या खांबापर्यंत गेलो अन् पुलाच्या कठड्यावर बसलो. तुम्ही काही बोलला नाहीत, वहीत लिहिलं, 'खांब २'. ती वही माझ्याकडंच आहे. खांब ५, खांब ९, मधी एका पानावर नुसतं 'कुत्रं मागं लागलं, वेग चांगला'.

मे महिन्यातला गाढवपणा माझा एकट्याचा. तुम्ही लग्नाला गेला होतात अन् मी शहाणपणा करून सकाळी साडेनऊला निघालो, बाटली न घेता. परभणीचा मे! घरी येऊन उलट्या, क्रिएटिनिन १.७, दोन दिवस सलाईन. पाणी कमी पडलं की किडनीला लगेच कळतं हे तेव्हा समजलं. उतरलं परत, पण तुम्ही आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत अन् मग येताना दोन लिटरची बाटली घेऊन आलात, मापाच्या रेघा मारलेली.

अन् कबड्डी. विद्यापीठाच्या ग्राऊंडवर पोरं खेळत होती, मी म्हणलं सर, एकच रेड टाकतो. तुम्ही माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, बोट ठेवलं. "नवी किडनी इथं कातडीखालीच आहे, बरगडीचा आडोसा नाही, एक गुडघा बसला तर मायला काय सांगू?" अन् गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. तुम्हीच सांगितलं होतं ना की अवयव बदललेल्या लोकांच्या जागतिक स्पर्धा १९७८ पासून भरतात, पहिली इंग्लंडात पोर्ट्समथला झाली, पळतात, पोहतात, सायकल चालवतात. मी अजून पंचगिरीच करायलोय. एकदा मात्र रेडरला बाद दिल्यावर पोरं भांडायला आली अन् मी मैदानभर त्यांच्या मागं पळालो, दम लागला नाही हे घरी आल्यावर लक्षात आलं.

वजन ६३ वर आलंय. शुगरची गोळी अजून आहे पण अर्धी. हात थोडा थरथरतोच. परवा निळ्या खुर्चीवर पोरानं मोजलं, १९.

वहिनींचा फोन आला होता, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं अन् तुम्ही फिजिओथेरपीवाल्याला परत पाठवता म्हणे. सर, असं नाही चालणार. आधी डॉक्टरला विचारा किती वेळा बसायचं-उठायचं, मग हाताची खुर्ची घ्या, तुम्हाला हात टेकवायची सूट. रविवारी सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावतो, मोजायला मी आहे. वहीत नवीन पान काढून ठेवलंय.

तुमचा,
समोरच्या घरातला