‘थर्टीन’ला एका वाक्यात निकालात काढू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गायक ऑझी ऑस्बोर्न यांच्या निधनानंतर आपल्या रविवार पुरवणीत ‘ब्लॅक सॅबथ’ या त्यांच्या ब्रिटिश बँडचा परिचय करून देणारा लेख प्रसिद्ध झाला, त्याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार. मराठी दैनिकात हेवी मेटलसारख्या जोरकस रॉक संगीतासाठी अर्धे पान राखले जावे, याचे आम्हा खान्देशातील वाचकांना अप्रूप वाटते. लेखात १९७० मधील पहिल्या अल्बमची, त्याच वर्षीच्या ‘पॅरानॉइड’ या दुसऱ्या अल्बमची आणि ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर झालेल्या अखेरच्या कार्यक्रमाची माहिती नेटकेपणाने आली आहे. मात्र २०१३ च्या ‘थर्टीन’ या पुनर्मीलनाच्या अल्बमची बोळवण ‘उतारवयात जुन्या नावावर केलेली कमाई’ अशा अर्थाच्या एका वाक्यात केली आहे. ते मत मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही, हे सविस्तर मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

केवळ पैसा हवा असता, तर या मंडळींना नवा अल्बम काढण्याची गरजच नव्हती. ऑझींसह त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. पुढच्याच वर्षी ऑझींना बँडमधून काढण्यात आले. १९९७ पासून ते पुन्हा एकत्र येऊन जुनी गाणी वाजवू लागले आणि त्या गाण्यांना जगभर गर्दी होतच होती. २००१ मध्ये नव्या अल्बमचे काम सुरू झाले, पण ते अर्ध्यावरच सोडून देण्यात आले. ज्यांना नुसते नाव विकायचे असते, ते असे हाती घेतलेले काम टाकून देत नाहीत. अखेर ११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा एकत्र येण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गिटारवादक टोनी आयोमी यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असल्याचे जाहीर झाले. त्यांच्या उपचारांसाठी पुढचे काम इंग्लंडमध्ये हलवण्यात आले. अशा अवस्थेत, पस्तीस वर्षांच्या खंडानंतर, पासष्टीच्या घरातल्या माणसांनी आठ नवी गाणी रचून ध्वनिमुद्रित केली, या गोष्टीची नोंद लेखात असायला हवी होती.

आयोमी यांच्या हाताविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण भुसावळ-वरणगावच्या कारखान्यांत किंवा जळगावच्या एमआयडीसीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, प्रेस मशीनवर त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. मी स्वतः वर्कशॉपमध्ये नोकरी केली आहे आणि असा अपघात झालेला सहकारी जवळून पाहिला आहे. जखम भरून आल्यावरही त्याला सदऱ्याचे बटण लावता येत नसे. बटण बोटाखाली आहे की नाही, हेच त्याला कळत नसे, म्हणून तो मान खाली घालून डोळ्यांनी बघून बटण काजात ढकलायचा. आयोमींनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांसाठी टोप्या घडवल्या, त्यांवर चामडे चिकटवले, बोटांना झेपतील अशा बारीक तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार खालच्या स्वरात लावली. तारेचा स्पर्शच कळत नसेल, तर कानावर विसंबून वाजवावे लागते. ‘ब्लॅक सॅबथ’चा जो जड, संथ आणि धीरगंभीर आवाज जगभरच्या मेटल बँडांनी उचलला, त्याच्या मुळाशी बरीचशी ही कारागिरी आहे. ‘थर्टीन’मध्ये वाजतो तो हाच हात, तोही कर्करोगाचे उपचार चालू असताना.

आता प्रत्यक्ष संगीताविषयी. निर्माते रिक रुबिन यांनी या मंडळींना पहिल्या अल्बमकडे परत जायला सांगितले होते आणि त्याचा परिणाम चांगला आणि वाईट, दोन्ही प्रकारे झाला आहे. ‘झाइटगाइस्ट’ हे गाणे ऐकताना ‘पॅरानॉइड’मधल्या ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ची सावली इतकी ठळक जाणवते की नव्या गाण्याला स्वतःचा चेहरा मिळत नाही. शिवाय अंतिम टप्प्यात एकूण आवाज इतका चढवलेला आहे की हळुवार आणि जोरकस वादनातले अंतर बुजते आणि सलग ऐकताना कान थकतात. हे दोष मी नाकारत नाही. पण ‘डॅमेज्ड सोल’मध्ये संथ ब्लूजच्या अंगाने जाणारी आयोमींची गिटार आणि मध्येच येणारा ऑझींचा माउथ ऑर्गन ऐकावा, मेटल कोणत्या मुळातून उगवले, ते तिथे स्वच्छ ऐकू येते. ‘लिव्ह फॉरएव्हर’मध्ये मरणाची भीती आणि अमर होण्याचीही नको असलेली कल्पना एकत्र नांदतात. विशीतल्या पोराने हे लिहिले असते, तर ती पोज वाटली असती. इथे मात्र शब्द लिहिणारा, गाणारा आणि वाजवणारा तिघेही आयुष्याच्या त्या टप्प्यावर उभे आहेत आणि म्हणूनच ते खरे वाटते. शेवटचे ‘डिअर फादर’ संपताना पाऊस, ढगांचा गडगडाट आणि घंटानाद ऐकू येतो. १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवातही अशीच होते. वर्तुळ आपण स्वतः पुरे करतो आहोत, ही जाणीव त्यांना होती, एवढे तरी यावरून दिसते.

ऑझींचा आवाज थकला होता, हा लेखातला आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण आपल्याकडे सप्ताहात सत्तरीतले बुवा अभंगाला उभे राहतात, तेव्हा वरच्या पट्टीत आवाज चिरकला म्हणून मंडपातून कोणी उठून जात नाही. आवाजाला जिथपर्यंत पोहोचता येते तिथेच ते चाल बांधतात आणि ती ऐकणाऱ्याला भिडते. ‘थर्टीन’मध्ये ऑझी बहुतांश खालच्या पट्टीत गातात, उगाच तरुणपणाचा आव आणत नाहीत. मला यात समज दिसते, कमतरता नाही.

मात्र अशाच भजनी मंडळात वर्षानुवर्षे साथ करणारा पखवाजी बदलला, तर पहिल्या आवर्तनातच जाणकाराच्या लक्षात येते. या अल्बमचे खरे उणेपण तिथे आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. मूळ ड्रमवादक बिल वॉर्ड यांनी, आपल्याला स्वाक्षरी करण्याजोगा करार दिला गेला नाही, असे सांगून यातून अंग काढून घेतले. त्यांच्या जागी ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बँडचे ब्रॅड विल्क वाजवतात. विल्क सफाईदार आहेत, लयीला पक्के आहेत, पण वॉर्ड यांच्या हातात जॅझचा झुलता लहेजा होता. आयोमींच्या जड रिफभोवती, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या सुरावटीभोवती, ते सैलसर घुटमळत आणि त्यामुळे तो जडपणा जिवंत राहत असे. चौघांपैकी तिघेच असलेल्या अल्बमला पुनर्मीलन म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि लेखकाने टीका करायचीच, तर ती इथे करायला हवी होती. २०२५ च्या त्या अखेरच्या कार्यक्रमात वॉर्ड पुन्हा ड्रमवर बसले आणि चौघांनी मिळून चार गाणी वाजवली. ते पाहताना ‘थर्टीन’मध्ये काय राहून गेले, याची हळहळ अधिकच वाटते.

अल्बमच्या विक्रीवरून गुणवत्ता ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. तरीही ‘पॅरानॉइड’नंतर जवळजवळ त्रेचाळीस वर्षांनी हा बँड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला आणि अमेरिकेत तर तो मान त्यांना ‘थर्टीन’मुळे प्रथमच मिळाला. एवढे श्रोते निव्वळ गतकाळाच्या ओढीने जमले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

जळगाव, धुळे, भुसावळ भागात गिटार शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या थोडी नाही. त्यांना या बँडविषयी मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही. म्हणून आपल्या पुरवणीतले एक वाक्यही त्यांच्यासाठी निकाल ठरू शकते. माझी विनंती अशी की, हा अल्बम सलग ऐकलेल्या एखाद्या जाणकाराकडून त्याचे स्वतंत्र परीक्षण लिहवून घ्यावे, त्यात वॉर्ड यांच्या अनुपस्थितीची आणि ध्वनिमुद्रणातील दोषांचीही चर्चा व्हावी आणि शक्य असल्यास ते पुढील महिन्याच्या पुरवणीत प्रसिद्ध करावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
भुसावळ, जि. जळगाव