दुसऱ्या अंकातल्या रागासाठी

लंडन, रविवार

चि. सुजित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकात शिरोलीच्या फाउंड्रीतनं कमी केलेल्या पोराचा राग पंकमधनं, म्हणजे त्या वेगवान, खरखरीत रॉक संगीतातनं दाखवायचं म्हणतोयस, ते पटलं. १९७६-७७ साली इथं बेकारी वाढत होती, त्याच दिवसांत हे संगीत उभं राहिलं. पण गाजलेलं गाणं उचलू नकोस. प्रेक्षक शब्द ऐकत बसतो, शिवाय हक्कांची परवानगी लागते. आपल्याच पोरांकडून दीड मिनिटाचा तुकडा वाजवून घे: गिटार, बेस, ड्रम, मिनिटाला १७०-१८० ठोके.

गिटारवर फक्त पॉवर कॉर्ड, म्हणजे सा आणि प. गंधार नको. कोमल गंधारानं सूर रडवा होतो, शुद्ध गंधारानं खुलतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला की, दोन्ही गिचमिड होतात. ती जागा मोकळी राहिली की पोराचा राग कसला आहे ते नटाच्या चेहऱ्यावर ठरतं. या संगीताची खरी ताकद मला इथंच दिसते.

गिटार, बेस, ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. डिस्टॉर्शनची गिटार १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा भरून टाकते, आणि बोलण्यातली व्यंजनं कळतात तीही तिथंच. त्यामुळं नुसता आवाज कमी करून भागत नाही. वाक्याच्या आधी गिटार काढायची, बेस-ड्रम चालू ठेवायचे. संवाद मात्र आधी संगीताशिवाय पक्के बसव. नाहीतर नट ठेक्यावर बोलायला लागतो आणि ती खोड मग सुटत नाही.

सुरुवातीला आवाज पोराच्या खोलीतल्या छोट्या स्पीकरमधनं येऊ दे. बाप दार आपटून गेला की तोच तुकडा सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर. दोन्हीकडं वायरच जोड. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि दाराचा ठोका चुकतो. शेवटी हळूहळू विरवायचं नाही, एकदम तोडायचं.

त्यानंतरच्या गप्प प्रसंगाला डब रेगे लाव; रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, डब हा त्याचाच एक प्रकार. इथल्या रॉक्सी क्लबात तबकड्या लावणारा डीजे डॉन लेट्स पंकच्या पोरांना रेगेच ऐकवायचा, कारण पंकच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या. डबमध्ये गाणाऱ्याचा आवाज बराचसा काढलेला असतो. बेस, ड्रम आणि घुमणारा प्रतिध्वनी उरतो, त्यात आईचं एकच वाक्य नीट ऐकू येतं.

हलगी घ्यायचीच असेल तर गिटारचा आवाज तोडल्यावर, एकटी. दमट हवेत कातडं सैल पडतं. आधी बाहेर शेकून आणा. विंगेत जाळ अजिबात नको.

आई-आबांना नमस्कार.

तुझी,
ताई