मीटिंगचा पत्ताही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातलं गावातल्या रोजच्या कार्यक्रमांचं सदर मी नेमाने वाचते. कीर्तन, व्याख्यान, रक्तदान शिबिर, वधू-वर मेळावा, सगळ्यांची वेळ आणि ठिकाण त्यात असतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता मात्र मला तिथे कधी सापडला नाही. तो शोधण्यात आमच्या घराचे पाच महिने गेले, म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांचे हात सकाळी इतके कापायचे, की चहाची बशी तोंडापर्यंत जायची नाही. त्यांना दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, औषधं दिली. ते करायलाच हवं होतं. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. पण घरी सोडताना 'आता पिऊ नका' एवढंच सांगितलं. संध्याकाळचे सात वाजले की या माणसाने जायचं कुठे, ते कोणी सांगितलं नाही. महिन्याभरात पुन्हा सुरू झाली.

नंतर आमच्या भाजीवाल्या मावशींनी सांगितलं, त्यांचे दीर 'ए. ए.'ला जातात. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी नाव गुप्त ठेवून एकमेकांना आधार द्यायचे गट. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पुरते खचलेले, एकमेकांशी बोलून सावरले. तिथून हे सुरू झालं. आपल्या मुंबईत १९५७ पासून मीटिंगा भरतात. इतकी जुनी गोष्ट, आणि मला ती पिशवीत मेथी भरता भरता कळली.

मावशींनी एका शाळेचं नाव दिलं. पंधरा दिवस समजूत घातल्यावर यजमान तयार झाले. आम्ही गेलो तर फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, ते लोक आता दुसरीकडे बसतात, कुठे ते ठाऊक नाही. यजमान काही बोलले नाहीत. कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालले आणि तिथून गुत्त्याकडे वळले. पुन्हा 'हो' म्हणायला त्यांना तीन महिने लागले. दारू पिणाऱ्याच्या घरात असा होकार वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि तो संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नसतं. त्या दिवशी पत्ता बरोबर हवा.

शेवटी जागा सापडली ती समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. सतरंजी, किटलीत चहा, बारा-तेरा माणसं. एक रिक्षावाले, एक निवृत्त मास्तर, एक कॉलेजातला मुलगा. आडनाव कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी यजमान तोंडातून शब्द न काढता बसले. कोणी बोला म्हणून मागेही लागलं नाही. मास्तर आपली हकीकत सांगत होते, पगाराच्या दिवशी मुलीची फी घेऊन निघाले आणि घरी रिकाम्या हाताने आले ती. ते ऐकताना यजमानांनी माझा हात धरला. आमच्याही घरी हेच झालं होतं. मी दहा वर्षं रडून सांगितलं त्याने जे हललं नाही, ते त्या अनोळखी माणसाच्या बोलण्याने हललं. (काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, त्या दिवशीची खुली होती, म्हणून मला बसता आलं.)

तिथे फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. त्यामुळे देणगीदाराची पाटी नाही, पुढाऱ्याचा फ्लेक्स नाही. वृत्तपत्रात सभासदाचं नाव येऊ द्यायचं नाही हाही त्यांचा नियम, म्हणून मीही नाव देत नाही. पत्र यजमानांना वाचून दाखवलं आहे. प्रसिद्धीपासून दूर राहण्याचा हा आब मला फार मोलाचा वाटतो. पण गरजवंताला दार सापडत नाही, त्याचं कारणही तेच आहे. म्हणून वार, वेळ आणि ठिकाण लोकांपर्यंत न्यायचं काम आपल्यासारख्यांनी करायला हवं.

घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. 'यांना ताप आहे' असं साहेबांना फोनवर खोटं सांगायचं मी अशाच एका गटात जाऊन थांबवलं. दारूच्या घरातल्या बाईला 'असं पांघरूण घालू नको' हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं सासर-माहेरच्या माणसांना जमत नाही. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन क्रमांकही किती घरांत माहीत असेल?

गटारी जवळ आली की मटणाच्या रांगांचे फोटो आपण छापता. त्या आठवड्यापासूनच सदरात चार ओळी द्याव्यात, ही कळकळीची विनंती. आपल्या तालुक्यातल्या गटांचे वार आणि ठिकाणं मी लिहून पाठवीन. मीटिंगची जागा बदलते, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला गटाला फोन करून पत्ता तोच आहे ना, हे विचारून आपल्या कार्यालयाला कळवायची जबाबदारीही माझी.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे.)