चर्चच्या मागची खोली

अ‍ॅक्रन, ओहायो
12 सप्टेंबर

प्रिय आईस सलाम,

पोळ्याच्या दिवशी बंडू पिऊन चौकात पडून होता, हे मला त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं. तू बोलली ते फक्त सोयाबीनचं अन् संत्र्याच्या बागेचं. रागावलो नाही. मीही तुला दोन वर्षं 'बरं चाललंय' एवढंच सांगत आलो.

आई, मीही पीत होतो. नाइट ड्यूटी करून सकाळी खोलीवर यायचो, पडदे ओढायचो अन् बाटली काढायचो. रात्रभर वॉर्डात लिव्हर खराब झालेल्यांना सलाईन लावणारा नर्स मी! आता दहा महिने झाले, थेंब घेतला नाही. लगेच रडू नको, पुढचं वाच.

इथल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी सातला बैठक असते. तुझी तेव्हा शनिवारची पहाट, साडेचार. आधी दोन गीतं होतात, मग वचनातला धडा नाहीतर कुणाची साक्ष, मग पुरुष वेगळे, बाया वेगळ्या, असे लहान गट बसतात. नुसते दारूवाले नसतात. रागानं घर मोडलेले असतात, जुगारवाले असतात. 'सेलिब्रेट रिकव्हरी' नावाचा हा कार्यक्रम 1991 साली कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर यांनी पाळक रिक वॉरेन यांच्या साथीनं सुरू केला. बेकर स्वतः दारूतून उठलेले. त्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या 12 पायऱ्या घेतल्या अन् येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातून 8 तत्त्वं काढली. 'जे आत्म्याचे दीन ते धन्य' हे वचन आपण लहानपणी पाठ केलं होतं. इथं त्याचा अर्थ एवढाच लावतात, की मी देव नाही अन् हे मला एकट्याला आवरत नाही.

त्या 12 पायऱ्यांचं मूळ तर याच गावात आहे. 1935 साली न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामानं इथं आला. काम फिसकटलं, हॉटेलात तलफ आली, समोर बार. त्यानं चर्चच्या पाळकांना फोन लावले, दुसरा कुणी पिणारा भेटतो का म्हणून. भेटला तो इथला सर्जन, डॉक्टर बॉब. डॉक्टर बॉबनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून, अन् तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापना दिवस धरतात. बाटली टाळायला माणूस शोधायचा, ही गोष्ट मला लय पटली.

गटात नियम कडक. तीन ते पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याच्या मधात तोंड घालायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही अन् सल्ला द्यायचा नाही. आपल्या गावात सल्ला न देता पाच मिनिटं कोण बसलं आजवर, बाप्पा?

तिसऱ्या शुक्रवारी एक म्हातारा उभा राहिला अन् म्हणाला, 'काल प्यायलो.' मला वाटलं आता पाळक उठतील. कुणी उठलं नाही. बाजूच्यानं खुर्ची थोडी जवळ सरकवली, बस. आपल्या मंडळीत साक्ष नेहमी जिंकलेल्याची असते: पूर्वी पीत होतो, प्रभूनं सोडवलं, हालेलुया. काल प्यायलो, असं म्हणायला जागाच नाही. याकोबाच्या पत्रात तर 'एकमेकांजवळ' कबूल करा म्हटलंय. ते एकमेकांजवळचं आपण सोडून दिलं.

म्हणून बंडूला रविवारी वेदीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावू नका. पाळकसाहेबांनाही सांग. शपथ मोडली की तो चर्चची पायरीही सोडेल. शेजारच्या काकांनी पंढरीची माळ घातली तेव्हा आठवते का? अख्खं गाव त्यांना पाजायचं टाळू लागलं. राखण माळेनं केली तेवढीच गावानंही केली. आपल्याकडं माळ नाही, तर माणसं तरी पाहिजेत.

अन् हे नर्स म्हणून सांगतो. त्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. रोजची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी अमरावतीला इर्विन दवाखान्यात दाखवा, किती पितो ते खरं सांगा. प्रार्थना करा, पण गोळी चुकवू नका.

तुझ्यासाठी अन् सुनेसाठीही असे गट असतात. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन 1951 साली निघालं. बाबांच्या वेळी तुला असं काही मिळालं असतं तर, असं रोज वाटते.

चर्चच्या मागची, सतरंज्या ठेवतो ती खोली मागून बघ. इथल्यासारखं गुपित गावात राहणार नाही, कोण आत गेलं ते टपरीवरून दिसतेच. पण पितो हे तरी कुणापासून लपलंय? दोन माणसं आली तरी पुरे. चहा-साखरेचे पैसे मी दर महिन्याला पाठवतो. बंडूला हे पत्र वाचून दाखव. माझं पिण्याचं गाळू नको.

तुझा,
मोठा