बंदुकीला नियम आहे, मग माझ्या पोरीच्या पायाला का नाही?

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
नागरी उड्डाण राज्यमंत्री, भारत सरकार

अण्णा, नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी आजरा तालुक्यातला शेतकरी. ऊस, भात आणि डोंगराकडेला थोडी काजूची झाडं. माझी थोरली पोरगी एकोणीस वर्षांची आहे, एअर रायफल शूटिंग करते. सातवीत असताना उसाच्या ट्रॉलीखाली तिचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या खालून काढावा लागला, तेव्हापासून कृत्रिम पाय आहे. आमच्या जिल्ह्याला नेमबाजीचं वेड आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणणारा राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. दिव्यांग नेमबाज अवनी लेखरानं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये गोल्ड मारलं तेव्हा आमची पोरगी टीव्हीसमोरून हललीच नाही, तिथनं हे सुरू झालं.

गेल्या हिवाळ्यात तिला मॅचसाठी विमानानं घेऊन गेलो. विमानतळाचं नाव लिहीत नाही. एका माणसाची नोकरी घालवायला मी हे लिहीत नाहीये.

आधी रायफलीचं सांगतो. कडक पेटी, कुलूप, असोसिएशनचं पत्र, आधार, रायफलीचे कागद, सिलेंडरमधली हवा घरूनच काढून आणलेली, छर्रे वेगळे पॅक केलेले. काउंटरवरच्या मुलीनं बघितलं आणि लगेच सांगितलं, सर हा फॉर्म भरा, इथं सही करा. एकजण आला, पेटी उघडायला लावली, बॅरल बघितलं, सिलेंडरचा काटा शून्यावर आहे का ते बघितलं, टॅग लावला, पेटी गेली. वीस पंचवीस मिनिटं लागली पण कोणी आवाज चढवला नाही, कोणी एकमेकाला विचारत बसलं नाही की आता काय करायचं. हत्यार कसं न्यायचं हे लिहून ठेवलंय आणि ते सगळ्यांना पाठ आहे. मला बरं वाटलं, खरंच.

मग सिक्युरिटी चेक. मी पुरुषांच्या लाईनीतून पुढं गेलो, पोरगी बायकांच्या. दाराची चौकट वाजली, वाजणारच, सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या वाटीच्या, खाली धातूची नळी आहे. तिनं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून दाखवलं, म्हणाली मॅडम माझा पाय कृत्रिम आहे. ड्युटीवरच्या मॅडम म्हणाल्या, काढा आणि ट्रेमध्ये ठेवा. पोरीनं सांगितलं की काढायला लावू नका असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, तुम्ही हातानं तपासा, मशीन फिरवा, पुसून बघा, मी कशालाच नाही म्हणत नाही. त्यावर उत्तर आलं, आम्हाला तशी ऑर्डर नाही, फ्लाईट चुकेल तुमची.

तिनं काढला. पडद्याआड प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

अण्णा, मी पट्ट्याच्या या टोकाला उभा होतो. लॅपटॉप आले, कुणाचे बेल्ट, एक दुधाची बाटली, आणि त्यांच्या मागून ट्रेमध्ये माझ्या पोरीचा पाय आला. बूट घातलेला. त्या बुटाची लेस सकाळी मी बांधली होती. मी पाय उचलला आणि तिच्याकडं निघालो तर मला सांगितलं तिकडं जाता येणार नाही, लेडीज एरिया आहे. मागच्या माणसाला त्याची बॅग घ्यायची होती, तो म्हणाला काका बाजूला व्हा. म्हणून मी बाजूला झालो. पोरगी पलीकडं एका पायावर आणि तिचा पाय माझ्या दोन्ही हातात, छातीशी धरून, मला तो कुठं ठेवावा ते कळेना. एका लहान मुलानं आईला काहीतरी विचारलं, आईनं त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं. अकरा मिनिटांनी एका मॅडमनी माझ्याकडून पाय घेऊन आत दिला.

आता तुम्ही म्हणाल अकरा मिनिटांनी काय होतं. तर ऐका. हा पाय चपलेसारखा काढला आणि घातला असं नसतंय. उरलेल्या पायावर आधी मोज्यासारखं सिलिकॉनचं लायनर चढतं, आत हवा राहू द्यायची नाही, घाम पुसायचा, खालची पिन सॉकेटमध्ये बसताना टक टक आवाज येतो ते टक तिला मोजून माहिती आहेत. पाय काढून बसलं की स्टंप, म्हणजे तो उरलेला पाय, थोडा फुगतो, मग परत घालताना टक कमी येतात. त्या दिवशी ती घाईत होती, कपडा बॅगेत, बॅग पट्ट्यावर, ओल्या कातडीवरच लायनर चढवलं. रात्री बघितलं तर गुडघ्याखाली रुपयाएवढा लाल चट्टा. दुसऱ्या दिवशी उभं राहून साठ शॉट. तुम्ही स्वतः पैलवान, कोल्हापूरला तुम्ही अंगाला माती लावलीय, पाय जरा हलला की डाव जातो हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुठल्या मंत्र्याला कळणार? स्कोअर इथं लिहीत नाही, तिनं नको म्हटलंय.

येताना दुसरं विमानतळ होतं. तिथल्या मॅडमनी चौकट वाजल्यावर विचारलं, दुखत नाही ना बाळ, बस. सॉकेटवरून, नळीवरून आणि बुटावरून कपड्याची पट्टी फिरवली, ती स्फोटकं शोधायच्या मशीनमध्ये घातली, हातातलं यंत्र फिरवलं, वर दुमडलेली पँट खाली सोडली आणि म्हणाल्या जा. दोन मिनिटं. पाय पायातच होता. देश तोच, कायदा तोच, पोरगी तीच, फक्त ड्युटीवर बाई वेगळी. माझ्या पोरीची इज्जत ड्युटी कुणाची लागलीय त्यावर ठरणार असेल तर ते बरोबर नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं पत्र त्यासाठीच आहे.

तपासणीला माझा विरोध नाही. १९८५ ला कनिष्क विमानातल्या बॉम्बस्फोटात ३२९ माणसं गेली, डिसेंबर १९९९ ला आयसी ८१४ विमान पळवून कंदहारला नेलं, ते आठ दिवस आमच्या गावात ज्याच्या घरी टीव्ही होता तिथं सगळे बसून होते. तपासा, हवं तर दोनदा तपासा.

आणि हे मी एक बंदूक बाळगणारा माणूस म्हणून सांगतोय. वडिलांची बाराबोर बंदूक वारसानं माझ्या नावावर झाली, शेती संरक्षणाचा परवाना आहे. आमच्याकडं गवे येतात, रानडुकरं येतात, चंदगडकडनं हत्तीसुद्धा येतो, एका रात्रीत भात झोपतं. ती बंदूक आम्ही मारायला नाही, बार काढून हुसकवायला वापरतो. परवान्याचं रिन्यूअल, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, पावती खिशात. मी कधी कुरकुर केली नाही. २००९ ला गोव्यातल्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, कमिटीनं एकेका माणसाचा विचार करून ठरवा. म्हणजे बघा, बंदूकवाल्या माणसाचासुद्धा एकेकाचा वेगळा विचार झाला पाहिजे असं आपलं कोर्ट म्हणतं.

भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याशी यावर बोलणं झालं. तिथं हत्यार बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे. तरी विमानात बंदूक हातात नेता येत नाही, रिकामी करून, कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगूनच न्यायची. एवढं असून २०२३ साली तिथल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या. आणि त्याच देशात कृत्रिम पाय असलेल्या माणसाला पाय न काढता तपासणी करून घेता येते, आधी फोन करून मदत मागता येते, काय त्रास आहे ते लिहिलेलं कार्ड दाखवता येतं.

आपल्याकडं हत्याराचा हक्क घटनेत नाही. मागणी झाली नव्हती असं नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं लोकांची हत्यारं काढून घेतली तो राग होता, म्हणून १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगायचा हक्क लिहिला होता. डिसेंबर १९४८ ला घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत घाला म्हणून दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. एकत्र जमायचा हक्क मिळाला तोसुद्धा शांततेनं आणि विनाशस्त्र. मला ते पटतं. माझी बंदूक ही मला सरकारनं दिलेली परवानगी आहे, ती उद्या काढूनही घेता येईल. पण माझ्या पोरीचा पाय ही परवानगी नाही हो. ते तिचं अंग आहे. एकविसाव्या कलमात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलंय, त्यात स्वतःच्या अंगावरचा ताबा पहिला येतो, बोलायचं स्वातंत्र्य, फिरायचं स्वातंत्र्य त्याच्यानंतर. परवानगी दिलेल्या वस्तूला इतका व्यवस्थित नियम आणि अंगाला नाही, हे मला त्या दिवसापासून झोपू देत नाही.

आणि ठरवलं तर नियम होतो. मार्च २०२२ ला शीख बांधवांच्या कृपाणाचा नियम तुमच्याच मंत्रालयाखालच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं केला. पातं सहा इंचापेक्षा मोठं नको, एकूण नऊ इंचापेक्षा मोठं नको, देशातल्या विमानांतच चालेल. पंचविसाव्या कलमात कृपाण स्पष्ट लिहिलंय, त्याचा मान ठेवला, अगदी योग्य केलं. इंचात मोजून नियम, वाद घालायला जागाच नाही.

पायाबद्दल काहीच नाही असंही नाही, तेच तर दुखणं आहे. २०१२ ला कोलकात्यात जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून विमानातून उतरवलं, २०१६ ला सुप्रीम कोर्टानं विमान कंपनीला दहा लाख द्यायला लावले. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायदा आला, त्याचं तिसरं कलमच सन्मानाबद्दल आहे. ऑक्टोबर २०२१ ला कृत्रिम पायावर नाचणाऱ्या नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना विनंती केली की दर वेळी पाय काढायला लावतात, आम्हाला एखादं कार्ड द्या. विमानतळावर तपासणी करणाऱ्या सुरक्षा दलानं माफी मागितली. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की कृत्रिम अवयव, कॅलिपर म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या, काढायला लावू नका, आणि दिव्यांग माणसाला त्याच्या संमतीशिवाय उचलू नका. बॉडी स्कॅनर बसवायचा आदेश तर २०१९ चा आहे. आम्ही गेलो तिथं चौकट आणि हातातलं यंत्र, एवढंच होतं.

एवढ्या मोठ्या बाईंनी सांगून, कोर्टानं सांगून, ड्युटीवरची बाई म्हणते आम्हाला तशी ऑर्डर नाही. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिच्यापर्यंत पोचलंच नसणार. मी तक्रार केली, उत्तर आलं की संबंधित विभागाकडे पाठवली आहे, पुढं काही नाही. ब्युरो तुमच्या खात्याकडं, जवान गृह खात्याकडं, विमानतळ चालवणारा तिसराच, आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. पाय काढायला लावायचा नाही हे मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक चौकटीच्या शेजारी लावा, आत पुस्तिकेत नको, भिंतीवर लावा, म्हणजे पोरीला बोट दाखवता येईल आणि त्या मॅडमनाही वरच्यांना विचारत बसायला नको. पट्टी फिरवायचं मशीन कुठल्या लाईनीत आहे ते ठरवून ठेवा. अगदीच शंका आली आणि काढायची वेळ आली तर बंद खोली, खुर्ची, कोरडा कपडा, घरचं एक माणूस सोबत, आणि काढायला का लावला हे लिहून सही करून द्यायचं. या लिहून देण्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. बंदूक जमा केली की ठाण्यात मला पावती मिळते, त्यावर सही असते, शिक्का असतो. पाय काढून घेतला तेव्हा मला काहीच मिळालं नाही, उद्या कुणी विचारलं तर तसं घडलं याचा पुरावासुद्धा माझ्याकडं नाही. आणि कार्ड द्या, सुधाताईंनी मागितलेलं. यूडीआयडी आहेच, त्यावरच एक ओळ छापली तरी भागेल.

पोरगी म्हणते पप्पा, राहू दे, पुढच्या वेळी मी शॉर्ट पँट घालून जाते, म्हणजे लांबूनच दिसेल. एकोणीस वर्षांच्या पोरीनं हा उपाय शोधलाय, मी तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा.

पुढची मॅच दोन महिन्यांवर आहे. तिकिटं काढलीत, जाताना तेच विमानतळ आहे. रायफलीचे सगळे कागद फाईलला लावून तयार आहेत. पायासाठी कुठला कागद घेऊन जाऊ, तेवढं कळवा.

आपला,
एका नेमबाज मुलीचा बाप
ता. आजरा, जि. कोल्हापूर