बेवारस ट्रॉलीची जबाबदारी दुकानाचीच

महोदय,
नागपुरातील पदपथ मोकळे करण्याविषयीची बातमी वाचली. या कारवाईत हातगाड्यांसोबत मोठ्या दुकानांच्या बेवारस ट्रॉल्यांचाही विचार व्हावा. त्रिमूर्तीनगरात आमच्या फाटकाशी अशीच एक ट्रॉली तीन आठवडे पडून होती. एक चाक निखळलेले, आत कुणीतरी टाकलेल्या करवंट्या आणि त्यांतील पावसाच्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. दुकानाला कळवले, तर ‘तुम्हीच आणून द्या’ असे उत्तर मिळाले, हे संतापजनक आहे. युरोपातील अनेक दुकानांत नाणे घातल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही आणि ती जागेवर लावल्यावरच नाणे परत मिळते. तशी अनामत येथेही घ्यावी आणि रस्त्यावरून उचललेली ट्रॉली दुकानाने दंड भरूनच सोडवावी.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर