अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा अ‍ॅस्ट्रोसॅट या इस्रोच्या खगोल-उपग्रहावरचा प्रकल्प पूर्ण झाला. शेवटचा आलेख मेलवर पाठवला तेव्हा तुमचं एका ओळीचं उत्तर आलं होतं, ‘छान झालाय, आता एरर बार दाखवा.’ मोजणीत किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या त्या रेघा, एरर बार, आता दाखवल्या आहेत. प्रकल्पाची वही विद्यापीठात जमा झाली आहे. आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

ते जाहीरपणे मानण्यामागे एक हेतू आहे. मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणारे माझ्यासारखे कितीतरी जण आहेत. अ‍ॅस्ट्रोसॅट म्हणजे वर्तमानपत्रात वाचायची आणि विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकावर चिकटवायची गोष्ट, असंच त्यांतल्या अनेकांना वाटतं. या उपग्रहाने घेतलेली निरीक्षणं, ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीची राखीव मुदत संपली की, सर्वांना खुली होतात. बंगळूरजवळ ब्यालालू इथे इस्रोचं अवकाश विज्ञान डेटा केंद्र आहे. तिथे नाव नोंदवून ती कुणालाही उतरवून घेता येतात. आणि ती वाचताना अडलं तर विचारायला पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, खास सपोर्ट सेल आहे. हे त्यांना कळायला हवं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

शिक्षकांच्या कार्यशाळेत तुमची पहिली भेट झाली. चहाच्या सुट्टीत मी विचारलं होतं, आमच्याकडे दुर्बीण नाही, जुने संगणक आहेत, मुलं बीएस्सीची आहेत, त्यांना यातलं काही करता येईल का? तुम्ही उलट विचारलंत, “लिनक्स चालतं का त्या संगणकांवर?” चालतं म्हटल्यावर लगेच कागद ओढून नाव लिहून दिलंत, जीआरएस 1915+105. म्हणालात, “याच्यापासून सुरुवात करा. हा गप्प बसत नाही, मुलांना कंटाळा येणार नाही.”

खरंच आला नाही. गरुड तारकासमूहातलं हे कृष्णविवर, वस्तुमान सूर्याच्या साधारण बारापट, शेजारच्या ताऱ्याचा वायू सतत ओढून घेणारं. मधे इतकी धूळ आहे की साध्या प्रकाशात ते दिसतच नाही. मुलांनी वसतिगृहाच्या गच्चीवरून श्रवणाचा तारा शोधला आणि ‘त्याच्या आसपास कुठेतरी’ एवढ्यावर समाधान मानलं. क्ष-किरणांत मात्र ते आकाशातल्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक होतं, निदान 2018 मध्ये मंदावेपर्यंत. क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली पोहोचत नाहीत, म्हणून तर यंत्र वर न्यावं लागतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले आहे. यंदा वर्गाला ते लिहून घेण्यापलीकडे काहीतरी हाती लागलं.

तुम्ही सुचवलेलं 2017 सालचं निरीक्षण आम्ही रात्री इंटरनेट जरा बरं चालतं तेव्हा टप्प्याटप्प्याने उतरवलं. लॅक्स्पीसीचा डेटा होता, म्हणजे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या, उपग्रहावरच्या तीन मोठ्या क्ष-किरण शोधकांचा. आत दाबाखाली भरलेला झेनॉन वायू असतो. क्ष-किरणाचा फोटॉन त्यात शिरला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारांकडे खेचले जातात आणि विद्युत स्पंद उमटतो. स्पंद जितका मोठा तितकी फोटॉनची ऊर्जा जास्त. तत्त्व आमच्या प्रयोगशाळेतल्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीच्याच कुळातलं. प्रत्येक फोटॉनच्या येण्याची वेळ मात्र सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत नोंदली जाते. तीनपैकी कुठल्या शोधकाचा डेटा घ्यायचा, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. तुम्ही लिहिलंत की 30 क्रमांकाच्या यंत्रातून वायू झिरपत होता, त्यामुळे त्याची मोजणी सरकत गेली. 20 क्रमांकाचं सर्वांत स्थिर आहे, तिथून सुरू करा. वर पाठवलेलं यंत्र आजारी पडतं आणि दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही, मग खाली बसून त्याचा आजार समजून घेऊन आकडे सुधारावे लागतात. हे मुलांना त्या एका मेलमधून उमगलं.

मग पहिला प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचा आलेख, निघाला आणि त्यात मोठाल्या फटी होत्या. अर्धा-पाऊण तास भरघोस फोटॉन, मग काहीच नाही, मग पुन्हा फोटॉन. “कृष्णविवर बंद पडतं का, मॅडम?” या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, तरी तो तुम्हालाच विचारू दिला, आणि फार बरं केलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही त्यांना गणित घातलंत: उपग्रह जमिनीपासून 650 किलोमीटरवर आहे, त्याचा प्रदक्षिणाकाळ काढा. केप्लरचा तिसरा नियम परीक्षेपुरता पाठ केलेल्या मुलांनी तो पहिल्यांदा काहीतरी जाणून घेण्यासाठी वापरला. उत्तर आलं सुमारे 98 मिनिटं. आलेखावर मोजपट्टी ठेवली, तर फटीही तितक्याच अंतराने! दर फेरीला पृथ्वी आड येत होती. त्या दुपारी प्रयोगशाळेत जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या रसायनशास्त्र विभागातले सर बघायला आले.

तरी काही फटी हिशोबात बसेनात. तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर तासभर बसलात आणि दक्षिण अटलांटिकवरचा तो भाग समजावून सांगितलात, जिथे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र दुबळं आहे आणि विद्युतभारित कण खूप खालपर्यंत उतरतात. तिथून जाताना शोधकांना इजा होऊ नये म्हणून त्यांचा उच्च विद्युतदाब कमी करावा लागतो, आणि कण वाढल्याची सूचना देण्यासाठी अ‍ॅस्ट्रोसॅटवर वेगळं छोटं यंत्रच आहे. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी फक्त 6 अंशांनी कललेली का ठेवली, याचं उत्तरही तिथेच मिळालं: कक्षा जितकी विषुववृत्तालगत, तितका त्या भागाचा उपद्रव कमी. कक्षा निवडण्यामागे इतका विचार असतो, हे मलाही इतक्या स्पष्टपणे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग ठोके. फटी बाजूला ठेवून एकाच सलग तुकड्यावर आम्ही वेळेचा अक्ष ताणला, तेव्हा क्ष-किरणांची तीव्रता मिनिटाच्या मागेपुढे हळूहळू चढून, टोक गाठून, झपकन उतरताना दिसली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. शास्त्रज्ञ या अवस्थेला हृदयाचे ठोके म्हणतात. कृष्णविवराभोवतीच्या चकतीचा आतला भाग तापत जातो, प्रारणाचा दाब वाढतो, तो भाग अस्थिर होऊन ओसरतो आणि बाहेरून येणाऱ्या वायूने पुन्हा भरतो. “चुलीवरचं दूध उतू जातं, खाली बसतं, आच तीच असते म्हणून परत वर येतं,” असं तुम्ही म्हणालात. प्रकल्पाच्या वहीत तुमचं हे वाक्य मुलांनी जसंच्या तसं घेतलंय. तीसेक हजार प्रकाशवर्षं दूर घडणारी ही उलथापालथ आमच्या पडद्यावर आमच्याच हातून काढलेल्या आलेखात उमटली, याचा आनंद मला अजून पुरता सांगता येत नाही.

तुम्ही तयार आलेख पाठवू शकला असतात. तुमच्या संगणकावर तो नक्कीच होता आणि तुमचा किती वेळ वाचला असता! आज्ञावली कुठे अडली तर तुम्ही फक्त कुठली ओळ बघायची ते सांगत होतात. मुलं वैतागायची. ती वैतागली की मी त्यांना तुमचा मेल परत वाचून दाखवायची. या संयमासाठी तुमचे आभार सगळ्यांत आधी मानायला हवे होते.

त्याच व्हिडिओ कॉलवर शेवटी तुम्ही आर्यभटाची गोष्ट सांगितलीत, तीही मुलांच्या लक्षात राहिली आहे. 1975 मध्ये आपल्या पहिल्याच उपग्रहावर क्ष-किरण खगोलशास्त्राचा प्रयोग होता, आणि काही दिवसांतच वीजपुरवठा बिघडल्याने तो थांबला. 1996 मध्ये आयआरएस-पी3 या पृथ्वीच्या निरीक्षणासाठीच्या उपग्रहावर क्ष-किरणांच्या छोट्या यंत्राला जागा मिळाली, आणि त्या यंत्राने पाहिलेल्या स्रोतांत हाच जीआरएस 1915+105 होता! स्वतंत्र वेधशाळा वर जायला 28 सप्टेंबर 2015 उजाडावं लागलं. चाळीस वर्षं. पाच वर्षांसाठी बांधलेल्या त्या वेधशाळेने दहा वर्षं ओलांडली. ज्यांनी हे शोधक घडवले, झेनॉन भरला, तारा ताणल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावं आम्हाला माहीत नाहीत. तुमची त्यांच्याशी गाठ पडेल, तेव्हा आमचा नमस्कार सांगा.

वर्गात सर्वांत पुढे बसणारा एक मुलगा आता अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीच्या मागे लागला आहे. तुम्ही दाखवलेलं ते चित्र त्याच्या डोक्यातून जात नाही: ऑक्टोबर 2016 मध्ये 28 तासांहून अधिक काळ आकाशाच्या एकाच तुकड्याकडे रोखलेली यूव्हीआयटी, आणि 930 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून आलेला तीव्र अतिनील प्रकाश. खगोलशास्त्रज्ञ कनक साहा आणि सहकाऱ्यांचा 2020 मधला तो निबंध त्याने छापून घेतलाय, समास पेन्सिलीच्या प्रश्नांनी भरलेत. प्रश्नांची यादी मी आधी स्वतः चाळते आणि मगच तुमच्याकडे पाठवते, नाहीतर तुमची मेलपेटी भरून जाईल.

पुढच्या बॅचसाठी आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरच्या ‘सूट’ या अतिनील दुर्बिणीचा डेटा घ्यावा असं मनात आहे. तेही यंत्र आयुकातच आकाराला आलं, आणि सूर्य म्हटलं की पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सामील करून घेता येईल. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः बसून थोडा सराव करीन. डिसेंबरात तुम्हाला एखादा दिवस मोकळा असेल तर आमच्याकडे या. स्थानकावर घ्यायला मुलं येतील, जेवण माझ्या घरी.

आपली,
भौतिकशास्त्र विभागातली एक शिक्षिका